पिकअप घेताना भारक्षमता आणि ओढण्याची क्षमता कशी तपासावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतमाल, बांधकामाचे साहित्य, मासळी किंवा दुकानाचा माल वाहण्यासाठी पिकअप घेणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हप्ता, मायलेज आणि इंजिन यांची चौकशी बहुतेक जण कसोशीने करतात. पण गाडी प्रत्यक्षात किती वजन पेलू शकते आणि कायद्याने किती नेऊ शकते, हा हिशेब मात्र विक्रेत्याने सांगितलेल्या एका आकड्यावर सोडून देतात. वर्षानुवर्षे रोज भरणाऱ्या गाडीच्या बाबतीत एवढ्या आकड्यावर विसंबून राहणे परवडत नाही.

माहितीपत्रकात भारक्षमता १.३ टन लिहिली असेल, तर १,३०० किलो माल भरता येतो का?

सहसा येत नाही. भारक्षमता ही वजाबाकीतून निघते. माल, माणसे आणि इंधनासह भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त किती वजन असावे, हे कंपनीने ठरवलेले आणि तपासणी संस्थेने मान्य केलेले असते. त्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात. त्यातून गाडीचे रिकामे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार रिकाम्या वजनात गाडीसोबत नेहमी वापरली जाणारी साधने धरली जातात, मात्र चालक आणि मदतनीस यांचे वजन धरले जात नाही. म्हणजे केबिनमध्ये बसणारे प्रत्येक माणूस मालाच्या वाट्यातूनच जाते.

उदाहरण म्हणून जीव्हीडब्ल्यू ३,००० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो असलेली गाडी घेऊ. कागदावर १,३०० किलो उरतात. चालकाचे ७० किलो आणि दोन हमालांचे १३० किलो गेले. हौद्यावर क्रेट रचण्यासाठी नंतर बसवून घेतलेल्या लोखंडी जाळीचे ९० किलो गेले. ताडपत्री, दोर आणि इतर किरकोळ सामानाचे २० किलो गेले. उरले ९९० किलो. टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट म्हटला, तरी रिकाम्या प्लॅस्टिक क्रेटचे स्वतःचे वजन दोन किलोंच्या आसपास असते. त्यामुळे प्रत्येक क्रेट बावीस किलोंचा धरला, तर या गाडीत ४५ क्रेट बसतात. ज्याने १,३०० ला सरळ २० ने भागले, त्याने ६५ क्रेटचा हिशेब मनाशी धरून हप्ता ठरवलेला असतो. हा वीस क्रेटचा फरक दर फेरीला पडतो, म्हणून तो गाडी घेण्यापूर्वीच कळलेला बरा.

आपल्या गाडीचे खरे आकडे कोठे पाहावेत?

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, हा पहिला आधार आहे. मालवाहू गाडीच्या आरसीवर रिकामे वजन आणि जीव्हीडब्ल्यू यांची नोंद असते. प्रत्येक एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किती वजन चालेल, याचीही नोंदणीत तरतूद असते आणि तो आकडा अवश्य विचारावा. नवी गाडी घेताना त्याच व्हेरिएंटच्या एखाद्या नोंदलेल्या गाडीची आरसी विक्रेत्याकडे मागावी. नुसते मॉडेलचे नाव पुरत नाही, कारण महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपसारख्या एकाच नावाखाली १.३ टनांपासून २ टनांपर्यंतचे प्रकार विकले गेले आहेत. टाटांच्या ताफ्यातही पाऊण टनाच्या एस गोल्डपासून दीड टनाची इंट्रा व्ही५० आणि २०२२ मध्ये आलेली दोन टनांची योद्धा २.० असा मोठा पल्ला आहे.

दुसरा आधार म्हणजे वजनकाटा. हौदा, जाळी, छत आणि स्टेपनी यांसह पूर्ण तयार झालेली गाडी, टाकी भरून, एकदा रिकामी काट्यावर चढवावी आणि ती पावती गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.

ज्यांच्याकडे आधीपासून गाडी आहे, त्यांच्याजवळ हा पुरावा बहुधा आयताच असतो. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांदा बाजारात भरलेली गाडी आधी काट्यावर जाते आणि माल उतरवल्यावर रिकामी गाडी पुन्हा तोलली जाते. शेतकरी पावतीवरचा तिसरा आकडा, म्हणजे मालाचे निव्वळ वजन, पाहतो, कारण पैसे त्यावर मिळतात. पहिला आकडा, म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन, आरसीवरील जीव्हीडब्ल्यूशी ताडून पाहिला, तर गेल्या हंगामात गाडी किती वेळा मर्यादेबाहेर गेली, हे घरबसल्या कळते. नवी गाडी किती टनांची हवी, याचे याहून चांगले उत्तर कोणताही विक्रेता देऊ शकणार नाही.

मला किती टनांची गाडी लागेल, हे कसे ठरवावे?

आपला माल जड आहे की जागा खाणारा, यापासून सुरुवात करावी. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, थर्माकोलचे खोके किंवा रिकामे क्रेट वाहणाऱ्याचा हौदा वजनाची मर्यादा येण्याच्या आतच भरतो. त्याने लांब हौद्याची गाडी घ्यावी. जास्त टनांसाठी मोजलेले पैसे त्याच्या कामी येत नाहीत. सिमेंट, लोखंड, फरशी, वाळू किंवा पाणी वाहणाऱ्याचे नेमके उलट आहे.

वाळूचे गणित एकदा नीट मांडून पाहावे. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच हौदा काठोकाठ भरला, तर त्यात सुमारे ७४ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास वाळू बसते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि वाळूचे वजन घनमीटरला सुमारे १.६ टन धरले, तर ही पाऊण ब्रास सव्वातीन टनांच्या पुढे जाते. दोन टनांची पिकअपसुद्धा अशा वेळी दीडपटीहून अधिक लादलेली असते, आणि हौदा तर फक्त काठापर्यंतच भरलेला दिसतो. हौद्याच्या उंचीवरून क्षमतेचा अंदाज बांधणे बांधकामाच्या मालात सर्वांत धोक्याचे आहे. सिमेंटच्या बाबतीत मोजणी सोपी आहे. ५० किलोंची एक गोणी, त्यामुळे वीस गोण्यांचा एक टन होतो. एक हजार लिटरची भरलेली पाण्याची टाकीही एक टनाची असते. शिवाय ती अर्धवट भरलेली असेल, तर वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

काही वजने हिशेबात धरायची राहून जातात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरातून मासळी नेणाऱ्याने बर्फाचे वजन मासळीइतक्याच गांभीर्याने धरावे, कारण लांबच्या प्रवासात बर्फाचा वाटा फार मोठा असतो. पावसाळ्यात भिजलेल्या गोण्या आणि ओली ताडपत्री यांचेही वजन वाढते.

एकूण हिशेबासाठी हंगामातील सर्वांत मोठी फेरी गृहीत न धरता, दहापैकी आठ फेऱ्यांत किती माल असतो, ते पाहावे आणि त्यावर पंधरा-वीस टक्के मोकळीक ठेवावी. वर्षातून मोजक्या वेळी लागणाऱ्या जास्त मालासाठी भाड्याची दुसरी गाडी करणे, हे वर्षभर मोठ्या गाडीचे डिझेल आणि टायर पोसण्यापेक्षा स्वस्त पडते.

सीएनजी किंवा विजेवर चालणारी पिकअप घेतल्यास भारक्षमता कमी होते का?

अनेकदा होते. सीएनजीच्या टाक्या आणि विजेच्या गाडीची बॅटरी जड असतात आणि ते वजन रिकाम्या वजनात मिळते. मारुती सुपर कॅरीच्या पेट्रोल प्रकाराची भारक्षमता ७४० किलो आणि सीएनजी प्रकाराची ६२५ किलो अशी जाहीर झालेली आहे. वरच्या उदाहरणातील क्रेटच्या भाषेत हा फरक पाच क्रेटचा आहे. शहरात रोज हलका माल पोचवणाऱ्यासाठी इंधनातील बचत हा फरक सहज भरून काढते. जड माल वाहणाऱ्याने मात्र दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात.

पाटे वाढवून घेतले, तर जास्त माल नेता येतो ना?

पाटे, म्हणजे एक्सलवरील स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वाढवल्याने गाडी मागून बसत नाही, एवढेच होते. भारक्षमता पाट्यांवर ठरत नाही. ती चेसिस, एक्सलचे हाउसिंग, बेअरिंग, टायर, क्लच आणि ब्रेक यांपैकी जो भाग सर्वांत आधी हार खाईल त्यावर ठरते, आणि यांतील एकही भाग पाट्यांबरोबर बदललेला नसतो. उलट गाडी दबलेली दिसत नसल्याने चालकाला मिळणारी सूचनाच नाहीशी होते. आरसीवरील जीव्हीडब्ल्यू तर एका किलोनेही वाढत नाही.

टायरवरून ही गोष्ट प्रत्यक्ष पाहता येते. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे १०६/१०४ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी असतो. १०६ म्हणजे त्या टायरवर, पूर्ण हवा असताना, जास्तीत जास्त ९५० किलो चालतात. १०४ म्हणजे ९०० आणि १०० म्हणजे ८०० किलो. मागे १०६ चे दोन टायर असलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलवर, गाडीचे स्वतःचे वजन धरून, १,९०० किलोंपेक्षा जास्त येऊच नये. पैसे वाचवण्यासाठी कमी आकड्याचे टायर बसवले, तर ही मर्यादा आणखी खाली येते. मे महिन्यातील तापलेल्या रस्त्यावर कमी हवा आणि जादा वजन एकत्र आले, की टायर आतून तापतो आणि फुटतो.

घाटात प्रश्न ब्रेकचा असतो. उतारावर गाडीची सारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत किंवा इंजिनच्या रोधात जिरवावी लागते आणि ती वजनाच्या प्रमाणात वाढते. तीन टनांसाठी बनवलेल्या ब्रेकवर साडेचार टन घेऊन कसारा, आंबा किंवा करूळ घाट उतरणे, म्हणजे त्यांच्याकडून दीडपट उष्णता पचवण्याची अपेक्षा करणे होय. तापलेले ब्रेक पकड सोडतात, आणि हे चालकाला बहुधा निम्मा घाट उतरल्यावर समजते. चढताना ज्या गियरमध्ये गाडी ओढते, त्याच गियरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम योग्य आहे. पण तो मर्यादेत भरलेल्या गाडीसाठी आहे.

एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी पुढून हलकी का वाटते?

माल मागे रचला गेल्यामुळे. तीन मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तेवढे अंतर असलेल्या गाडीत मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे २०० किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर सुमारे २६७ किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरून ६७ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते, आणि ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाके सरकतात. म्हणून जड माल केबिनच्या बाजूला आणि तळाशी, हलका माल मागे आणि वर रचावा. लोखंडी सळ्या किंवा पाइप फाळक्याच्या बाहेर काढून नेण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या दिसत नाहीत, आणि हौद्याबाहेर आलेल्या मालाला कायद्यात वेगळा दंड आहे.

जादा माल भरल्यास दंड किती आणि तो कोणाला?

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अधिनियमाच्या कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा सोसावा लागतो आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देता येत नाही. नाशवंत माल असेल, तर रस्त्याच्या कडेला गेलेले ते तास दंडापेक्षाही महाग पडतात. हौद्याच्या बाजूने, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर माल गेल्यास २०,००० रुपयांची तरतूद आहे. वजन करून घेण्यास नकार दिल्यास ही रक्कम ४०,००० रुपये होते. गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा मालकही जबाबदार असतो. त्यामुळे मालकाने ‘भर रे अजून दहा गोण्या’ म्हणून फोन ठेवला, तरी जबाबदारी एकट्या चालकाची ठरत नाही.

परमिट आणि लायसन्सच्या दृष्टीने कोणते वजन महत्त्वाचे?

दोन आकडे लक्षात ठेवावेत. जीव्हीडब्ल्यू ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला अधिनियमाच्या कलम ६६ नुसार परमिटमधून सूट आहे. फिटनेस, कर आणि विमा यांतून मात्र सूट नाही. दुसरा आकडा ७,५०० किलोंचा आहे. त्या मर्यादेपर्यंतची गाडी हलक्या मोटार वाहनात मोडते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या चालकाला या मर्यादेतील मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते.

पिकअपला ट्रेलर जोडून ओढता येईल का?

फवारणीचा ब्लोअर, जनरेटर किंवा पाण्याचा छोटा टँकर पिकअपमागे जोडावा, असे अनेकांच्या मनात येते. येथे आपल्याकडील मालवाहू पिकअपची मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. त्यांच्या माहितीपत्रकांत ओढण्याची क्षमता सहसा दिलेलीच नसते. आणि जेथे ती कंपनीने लेखी दिलेली नाही, तेथे ती शून्य समजावी. दोन टन वाहणारी गाडी दोन टन ओढेलच, असा तर्क चालत नाही. ओढताना गाडी आणि ट्रेलर यांचे एकत्रित वजन त्याच क्लचवर, त्याच गिअरबॉक्सवर आणि, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर, त्याच ब्रेकवर येते. चढावर गाडी उभी राहून पुन्हा निघताना क्लच प्लेट जळते. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो आणि वळणावर गाडीला आडवी करू शकतो. गावातील वेल्डरकडून मागच्या बंपरला लावून घेतलेला हुक चेसिसच्या ताकदीने बसलेला नसतो.

शेतावरील ओढण्याच्या कामासाठी ट्रॅक्टर आहे, कारण त्याचे गियर, वेग आणि जोडणी त्यासाठीच बनवलेली असते. तेथेही ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून नेणे ही अडचणीच्या वेळची गोष्ट आहे. त्या वेळी दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, मागच्या गाडीत स्टिअरिंगवर जाणता माणूस असावा आणि ओढणारी गाडी शक्यतो रिकामी असावी.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी पिकअप निवडताना काय पाहावे? तेथे ट्रेलर ओढणे नेहमीचेच आहे.

तेथे मुख्य चूक होते ती भारक्षमता आणि ओढण्याची क्षमता हे दोन स्वतंत्र आकडे आहेत असे मानल्यामुळे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर सर्व प्रवासी व सामान मिळून किती वजन चालेल, हे त्या विशिष्ट गाडीसाठी छापलेले असते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकावर दाबला जातो, आणि तो भार याच आकड्यातून वजा होतो. पट्टीवर १,५०० पौंड असतील आणि ७,००० पौंडांचा ट्रेलर हिचवर ९०० पौंड दाबत असेल, तर उरतात ६०० पौंड. चार मोठी माणसे बसली की ते संपले; हौद्यात मग शीतपेटीलाही जागा नाही. ओढण्याची क्षमता त्या वेळी कागदावर ११,००० पौंड असली, तरी उपयोग नसतो. हिचवरचा भार मुद्दाम कमी करण्यासाठी ट्रेलरमधील सामान मागे सरकवले, तर वेगात ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला हेलकावू लागतो, आणि ते आवरणे अनुभवी चालकालाही कठीण जाते.

जाहिरातीत येणारा सर्वांत मोठा आकडा ठरावीक केबिन, इंजिन, एक्सल गुणोत्तर आणि टोइंग पॅकेज असलेल्या एकाच प्रकाराचा असतो. तो ठरवण्याची एसएई जे२८०७ ही समान पद्धत अमेरिकी कंपन्यांनी साधारण २०१५ च्या मॉडेल-वर्षापासून स्वीकारली असल्याने वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना आता बरीच विश्वसनीय झाली आहे. या पद्धतीत ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या चढासारख्या लांब चढावर, कडक उन्हात आणि वातानुकूलन चालू ठेवून गाडीने ठरलेला वेग राखावा लागतो.

लग्नाला किंवा जत्रेला हौद्यातून माणसे नेली, तर वजनाचा प्रश्न येत नाही ना?

वीस माणसे म्हणजे सुमारे १,२०० किलो, आणि मालासारखी ती एका जागी बांधलेली नसतात. वळणावर सगळे एका बाजूला झुकतात, आणि उभ्या माणसांमुळे गाडीचा गुरुत्वमध्य मालापेक्षा वर जातो. वऱ्हाडाच्या पिकअप उलटल्याच्या बातम्या दर लग्नसराईत येतात. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या प्रवाशांना विम्याचे संरक्षणही सहसा मिळत नाही. वजन कितीही भरो, हे करू नये.

जुनी पिकअप घेताना ती जादा वजनावर चालली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

गाडी खड्ड्यावर उभी करून खालून पाहावी. चेसिसवर मागच्या पाट्यांच्या आधारापाशी वेल्डिंग किंवा जादा पट्टी, एक्सलच्या हाउसिंगवर तेलाचा ओघळ, दोन्ही बाजूंच्या पाट्यांची संख्या कंपनीच्या संख्येपेक्षा जास्त, आणि मागच्या टायरची आतल्या बाजूने झालेली असमान झीज, या चार खुणा बोलक्या असतात. फिटनेस चालू आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. नोंदणीपासून आठ वर्षांपर्यंत तो दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दर वर्षी होतो, पण तपासणीला गाडी रिकामी जाते.

त्यानंतर गाडी विक्रेत्यासमक्ष रिकामी काट्यावर न्यावी. आरसीवर रिकामे वजन १,७०० किलो आणि काट्यावर १,८५० किलो भरले, तर हौद्यावर नंतर चढवलेले लोखंड दीडशे किलोंचे आहे. १.३ टन म्हणून दाखवलेली ती गाडी, चालक आणि हमाल धरण्यापूर्वीच, १,१५० किलोंची आहे. किमतीची बोलणी त्या आकड्यावर करावी, किंवा ते लोखंड आधी उतरवून घ्यावे.